दिवाणजींचे एकतीस मीटर : रंगीत टर्मिनल, मराठी नावं आणि सरकणारे रकाने

"हे एकतीस मीटर कुठून आलं रे?" दिवाणजींनी कागद माझ्यापुढं धरला.

मामांचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना आहे. महिनाअखेरीला शिल्लक मालाची यादी छापायची, हे काम माझ्या पायथन स्क्रिप्टकडं. कमी शिल्लक असलेला माल टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, लाल दिसावा म्हणून मी हौसेनं रंग घातला होता. कागदावर मात्र त्या प्रत्येक नावाच्या आधी एक चौकोनी कंस, मग ३१ आणि इंग्रजी एम, तर नावाच्या मागं पुन्हा कंस, शून्य आणि एम. दिवाणजींचं म्हणणं रास्त होतं. "टॉवेल आपण डझनावर विकतो, चादर नगावर. मीटर कोण मोजालंय इथं? आणि मागं शून्य मीटर कशाला?"

ती पहिली वेळ. मी दुरुस्ती केली, दोन महिन्यांनी रकाने सरकले. ते नीट केलं, तर एकच माल यादीत दोनदा येऊ लागला. तिन्ही वेळा मला वाटलं की बग वेगळा आहे. तसं नव्हतं. मजकुराची लांबी नेमकी कशात मोजायची हे मी एकदाही धड ठरवलं नव्हतं, आणि तेच दर वेळी नवीन कपडे घालून दारात येत होतं. मराठी नावं आणि रंगीत आउटपुट एकत्र वापरणाऱ्या कुणालाही हा त्रास होणार, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. फंक्शनांची आणि लायब्ररींची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत.

आधी दोरा उसवून बघा

काहीही दुरुस्त करण्याआधी स्ट्रिंगमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या मजकुराच्या तुकड्यात, खरोखर काय आहे ते बघा. प्रिंट करून बघू नका, कारण टर्मिनल रंगाचा कोड गिळून टाकतं आणि तुम्हाला फक्त लाल अक्षरं दिसतात. पायथनचं 'रेप्र' वापरा. ते देवनागरी अक्षरं जशीच्या तशी ठेवतं, पण एस्केप कॅरॅक्टर (टर्मिनलला हुकूम सुरू झाल्याची खूण) आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) या अदृश्य मंडळींना उघडं पाडतं. लिनक्सवाले सवयीनं 'कॅट' कमांडला व्ही पर्याय लावतात. इंग्रजी मजकुराला ते ठीक, पण त्यात देवनागरीचा प्रत्येक बाइट इंग्रजी एम आणि पुढं डॅश अशा भाषेत येतो आणि वाचायला काही उरत नाही. मी त्यात एक संध्याकाळ घालवली आहे. सगळंच कोडपॉइंटच्या, म्हणजे युनिकोडनं प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकाच्या, आकड्यांत हवं असेल तर 'आस्की' फंक्शन आहे.

रेप्रमध्ये एक्स-वन-बी (एस्केपचं तिथलं रूप) दिसला की समजायचं, रंग स्ट्रिंगच्या पोटात आहे.

टर्मिनलला रंग सांगायची वेगळी नळी नाही. ज्या वाटेनं अक्षरं जातात त्याच वाटेनं रंगाचा हुकूमही जातो. २७ क्रमांकाचं एस्केप कॅरॅक्टर, चौकोनी कंस, आकडा, आणि शेवटी एम. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, १ म्हणजे ठळक, ० म्हणजे सगळं पूर्ववत. ही पद्धत डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलमुळं रुळली आणि आजही प्रत्येक टर्मिनल स्वतःला त्याचंच वारस समजतं. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांनाही हुकूम द्यायचे ते याच २७ नंबरनं, फक्त पुढची भाषा वेगळी. म्हणून आमच्या प्रिंटरनं एस्केप गिळलं आणि बाकीचं इमानेइतबारे छापलं.

सोलापुरी चादरीत आधी सूत रंगवतात, मग विणतात. टर्मिनलला उलटं करायचं: आधी विणा, मग रंगवा. माझी पहिली चूक एवढीच होती. मी मालाचं नाव फाइलमधून वाचलं की लगेच लाल करून ठेवत होतो आणि ते रंगलेलं सूत पुढं सगळीकडं जात होतं. रकाने आखायला, नाव कापायला, फाइलमध्ये लिहायला, प्रिंटरला.

रंगलेल्या शब्दाची लांबी

'चादर' हा शब्द घ्या. लांबी सांगणारं पायथनचं 'लेन' त्याला ४ म्हणतं : च, काना, द, र. लाल रंगाचा कोड ५ कॅरॅक्टरांचा, पूर्ववतचा ४ चा. रंगवल्यावर तोच शब्द १३ झाला. माझा रकाना १२ चा होता. रकाना भरेपर्यंत उजवीकडं स्पेस घालणाऱ्या 'एलजस्ट'नं पाहिलं, १३ आहेत, जागा भरायची गरजच नाही, म्हणून एकही स्पेस घातली नाही. पडद्यावर मात्र तीनच अक्षरं, आणि पुढचा आकडा त्यांना चिकटून. लाल ओळी डावीकडं ओढल्या गेल्या, साध्या ओळी जागच्या जागी. तुमच्या यादीत फक्त रंगीत ओळीच सरकत असतील तर कारण हेच, पुढं शोधत बसू नका. आधी साध्या नावाला जागा भरून घ्या, मग त्या भरलेल्या तुकड्याला रंग लावा.

नाव लांब आहे म्हणून कापायचं असेल तरी क्रम हाच. रंगीत स्ट्रिंग १२ वर कापली की शेवटचा पूर्ववतचा कोड कात्रीत सापडतो. मग त्या ओळीपासून खाली सगळं लाल, स्क्रिप्ट संपल्यावरचा प्रॉम्प्टही लाल. घाबरू नका, लिनक्सवर 'रीसेट' टाइप करून एंटर मारा, टर्मिनल शुद्धीवर येतं.

'कलरामा'बद्दल इथंच सांगतो, कारण मी त्याच्यावर आंधळा विश्वास टाकला होता. ही लायब्ररी मुळात विंडोजच्या जुन्या कन्सोलसाठी. तिथं हे कोड कळायचे नाहीत, विंडोज १० पासून त्यांची सोय आली. कलरामाचं 'इनिट' केलं की आउटपुट पडद्याऐवजी फाइलकडं वळवलेलं असताना ती रंगाचे कोड काढून टाकते. हे वाचून मी निर्धास्त झालो. पण ती राखण करते स्टँडर्ड आउटपुटच्या, म्हणजे प्रिंटचा मजकूर जातो त्या, दारावर. मी यादीची फाइल स्वतः उघडून 'राइट'नं लिहीत होतो, म्हणजे मागच्या दारानं. तिथं कुणी पहारेकरी नव्हता. एकतीस मीटर त्याच दारानं बाहेर गेले.

रंग लावणारं एकच फंक्शन ठेवा, आणि ते फक्त पडद्यावर लिहिण्याच्या ओळीतच बोलवा. त्या फंक्शनात आधी विचारा, समोर खरंच टर्मिनल आहे का. त्यासाठी 'इझ-ए-टीटीवाय' आहे. 'नो कलर' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामबाहेर, सिस्टिममध्ये ठेवलेली सेटिंग) भरलेला असेल तर मुकाट्यानं साधा मजकूर द्या. बऱ्याच टूल्स हा संकेत पाळतात, आपणही पाळावा. आधीच घाण झालेल्या फाइली धुवायच्या असतील तर एका रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे मजकुरात शोधायच्या नमुन्याचं, काम आहे : एस्केप, चौकोनी कंस, अंक आणि सेमीकोलन कितीही, शेवटी छोटा एम. एवढ्यानं रंगाचे कोड जातात. कर्सर हलवणारे कोड दुसऱ्या अक्षरांवर संपतात, ते यात सापडणार नाहीत.

साध्या ओळीही सरकतात तेव्हा

हा भाग जरा सावकाश वाचा. इथं इंग्रजीतली उत्तरं कामाला येत नाहीत, कारण इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, एक कोडपॉइंट, टर्मिनलवरचं एक घर. आपल्याकडं 'टॉवेल' हा एकच शब्द चार वेगळे आकडे देतो. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १५ बाइट. लेनच्या हिशेबात ५ कोडपॉइंट : ट, त्यावरचा ॉ, व, त्यावरची मात्रा, ल. वाचणाऱ्याला दिसतात ती ३ अक्षरं, टॉ, वे आणि ल. आणि टर्मिनलवरची घरं? ती ३ किंवा ४, तुमचं टर्मिनल कुणाच्या शिकवणीत वाढलंय त्यावर.

घोळ मात्रांच्या जातीत आहे. युनिकोडमध्ये उकार, वरच्या मात्रा, अनुस्वार, हलन्त हे जागा न घेणारे गणले जातात. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि ॉ हे मात्र जागा घेणाऱ्या जोडचिन्हांत मोडतात. पहिल्या गटाला शून्य घर द्यायचं याबद्दल सगळ्यांचं एकमत. दुसऱ्या गटाला कुणी एक घर देतं, कुणी शून्य. 'सोलापुरी' शब्दात असे तीन आहेत : ओकार, काना, दीर्घ वेलांटी. म्हणजे एका हिशेबानं ७ घरं, दुसऱ्यानं ४. एलजस्ट त्याला ८ धरतं, ते दोघांनाही मान्य नाही. म्हणून 'सोलापुरी चादर' असलेली ओळ आणि 'नग' असलेली ओळ कधीच एका रेषेत येत नाहीत.

रुंदी मोजायला 'डब्ल्यूसीविड्थ' नावाची पायथन लायब्ररी आहे. चांगली आहे, पण काना-वेलांटीला एक घर द्यायचं की शून्य, हे तिच्या आवृत्त्यांत बदललं आहे. लायब्ररी अपडेट केली आणि काल सरळ असलेले रकाने आज वाकडे झाले, तर कारण हे असू शकतं. तिला रंगीत स्ट्रिंग दिली तर पूर्ण शब्दाची रुंदी उणे एक येते, कारण एस्केप हे कंट्रोल कॅरॅक्टर. मी तो उणे एक न बघता वजाबाकीत घातला. १२ वजा उणे १ म्हणजे १३ स्पेस. दोन तास गेले, वर उन्हाळ्यातल्या सोलापुरात वीज गेलेली.

अक्षरं मोजायची म्हणाल तर 'रेजेक्स' नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये मोठा एक्स ही खूण एक अख्खं अक्षर पकडते. नाव कापताना तीच वापरा, नाहीतर 'टॉवेल'चा ट एका बाजूला आणि ॉ दुसऱ्या बाजूला पडून ठिपकेवाल्या गोलावर बसलेली मात्रा दिसते. जोडाक्षरांचं मात्र बघून घ्या. 'अक्कलकोट'मधला क्क पूर्वीच्या नियमात दोन तुकड्यांत मोडायचा. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर अख्खं ठेवायचा नियम आला. तुमची लायब्ररी त्याआधीची असेल तर 'अक्' वर कापलेलं नाव छापलं जाईल.

टर्मिनल कुणाचं ऐकतं हे ओळखायची सोपी चाचणी : 'टॉवेल' छापा, लगेच एक उभी रेघ छापा, आणि खालच्या ओळीत तीन डॅश देऊन उभी रेघ. दोन्ही रेघा एकाखाली एक आल्या तर तुमचं टर्मिनल ३ म्हणतंय. वरची एक घर पुढं गेली तर ४. हे ज्या मशीनवर यादी बघितली जाते तिथंच करा. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर सरळ आलेली यादी गोडाउनच्या विंडोज पीसीवर वाकडी दिसत होती. दोन्ही मशीन आपापल्या जागी बरोबर होती.

मी शेवटी मोजणंच सोडून दिलं, आणि तेच सुचवतो. दोन रस्ते आहेत.

पहिला फुकटचा. मराठी नाव शेवटच्या रकान्यात टाका. आधी कोड, मग डझन, मग दर, मग नाव. आकडे इंग्रजी ठेवले की पहिले रकाने हमखास सरळ, आणि नावाच्या उजवीकडं सरकायला काही उरतच नाही. आपल्या वहीत नाव डावीकडं असतं म्हणून दिवाणजी पहिल्या दिवशी कुरकुरले. आठवड्यात सवय झाली.

दुसरा, नाव मधेच हवं असेल तर. स्पेस भरण्याऐवजी टर्मिनललाच सांगा, चाळिसाव्या घरात जा. एस्केप, चौकोनी कंस, ४०, मोठा जी. नावानं किती जागा खाल्ली याच्याशी मग देणंघेणं राहत नाही, पुढचा आकडा ४० व्या घरातच बसतो. मात्र हाही एस्केप कोडच आहे. पडदा असेल तरच वापरायचा, फाइलमध्ये त्याच्या जागी टॅब टाकायचा.

'रिच' लायब्ररीचे तक्ते सुंदर दिसतात यात वाद नाही, आणि पडदा नसेल तर ती रंगही आपणहून काढते. पण तीही स्वतःच्या रुंदीच्या तक्त्यानंच मोजते, तुमच्या टर्मिनलला विचारत नाही. शिवाय रात्री शेड्यूल लावून चालवली की तिला पडद्याची रुंदी कळत नाही, ती ८० घरं धरते आणि लांब नावं दोन ओळींत मोडते. कन्सोल तयार करताना रुंदी स्वतः द्या. आणखी एक, मालाच्या नावात चौकोनी कंसात छोटी इंग्रजी अक्षरं असतील तर रिच त्यांना रंगाची खूण समजून गायब करते. आमच्या साइजा तशाच लिहिलेल्या होत्या. तिच्या मार्कअप मॉड्यूलमधलं 'एस्केप' फंक्शन नावावरून फिरवा, साइजा परत येतात.

पांढऱ्या काठाचं भूत

तिसऱ्या खेपेला यादीत 'पांढऱ्या काठाची चादर' दोनदा आली. एका ओळीत ४० नग, दुसरीत २५. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच. स्क्रिप्टला नाहीत.

मराठीतला हा अर्धा र, चंद्रकोरीसारखा, दोन प्रकारे टाइप होतो. एक : नुक्ता असलेला ऱ, हलन्त, य. दुसरा : साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर, मग य. पांढऱ्या आणि पांढर्‍या. एक नोंद दिवाणजींच्या फोनवरून आलेली, दुसरी ऑफिसच्या पीसीवरून. कीबोर्ड वेगळे, म्हणून पोटातली अक्षरं वेगळी.

सगळे सांगतात तसं 'युनिकोडडेटा'चं नॉर्मलाइज (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं अक्षर एका रूपात आणणारं फंक्शन), एनएफसी पद्धतीनं, मी चालवलं. त्यानं र आणि सुटा नुक्ता जोडून एक ऱ होतो, तेवढा उपयोग आहे, चालवाच. पण जॉइनरवाल्या रूपाला ते हात लावत नाही. मग मी धसमुसळेपणा केला : सगळे जॉइनर उडवले. त्यासरशी पांढर्‍याचा 'पांढर्या' झाला, रफार डोक्यावर. मराठीत हा फरक दिखाव्याचा नाही. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्याला स्वयंपाकघरात पाठवायचं, आचार्याला नाही.

बरोबर उपाय असा. साधा र, हलन्त, जॉइनर हे तीन एकत्र दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त टाका. फक्त तेवढंच. आणि ही सफाई नोंद आत येतानाच करा, यादी छापताना नाही. मालाच्या नावाला टोकाला चिकटलेल्या स्पेसही त्याच वेळी 'स्ट्रिप'नं काढा. नावांची तुलना करताना गडबड वाटली की पुन्हा रेप्र : जॉइनर २००डी म्हणून उघडा दिसेल.

देवनागरी आकड्यांची मला धास्ती होती, ती उगाच. दिवाणजी फोनवर '१२ डझन' देवनागरीत टाकतात आणि पायथनचं 'इंट' ते १२ विनातक्रार बारा समजतं.

सोलापूर म्हटल्यावर पार्ट्यांची नावं कन्नड आणि तेलुगू लिपीतही येतात. त्यांच्या मात्रांचं दुखणं याच जातीचं, वरचे दोन्ही रस्ते तिथंही चालतात. उर्दू नाव आलं तर ते उजवीकडून चालतं आणि शेजारच्या आकड्यांची जागा बदलल्यासारखी दिसू शकते. त्याला स्वतंत्र ओळ द्या.

राहिलेलं थोडक्यात. विंडोजवर आउटपुट फाइलकडं वळवलं आणि 'चारमॅप' नाव असलेला युनिकोड एन्कोड एरर आला, तर रंगाचा काही संबंध नाही. पायथन तिथं जुनं कोडपेज धरतोय. 'पायथनयूटीएफ८' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीचा चुराडा होत असेल तर फाइल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. फाइल वाचायच्या 'लेस' कमांडमध्ये रंगाचे कोड कचऱ्यासारखे दिसत असतील तर मोठा आर पर्याय लावा. आणि मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप' कमांडला रंग 'ऑलवेज' सांगून त्याचं आउटपुट दुसऱ्या स्क्रिप्टला देत असाल तर 'ऑटो' करा, नाहीतर तुमच्याकडंही कुणीतरी मीटर मोजत बसेल.

हे सगळं बसवून गेल्या महिनाअखेरीला यादी छापली. कंस नाहीत, मीटर नाहीत, रकाने सरळ, पांढऱ्या काठाच्या ६५ चादरी एकाच ओळीत. दिवाणजींनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि विचारलं, "मग कमी असलेला माल कुठला, ते कसं कळणार?"

खरंच की. आमचा प्रिंटर काळा-पांढरा. लाल पुसला आणि त्याच्यासोबत माहितीही पुसली. आता कमी शिल्लक असेल तर ओळीच्या सुरुवातीला एक फुली येते, पडद्यावरही आणि कागदावरही. पडद्यावर ती ओळ शिवाय लालही होते. कागदावरच्या फुलीच्या ओळींखाली दिवाणजी खिशातल्या लाल पेनानं रेघ मारतात.